पायरीवरचा नेम

"कारण काय लिहू?" ईशानीने विचारलं, तेव्हा ती सिगारेट ओढण्याचं कारण विचारते आहे की सोडण्याचं, हे मला क्षणभर कळलंच नाही. ईलिंग रोडवरच्या आमच्या केमिस्टकडे मागच्या बाजूला एक एवढीशी खोली आहे. तिथे फ्लूची सुई टोचतात, रक्तदाब बघतात, आणि ज्यांना सिगारेट सोडायची आहे त्यांना बसवून प्रश्न विचारतात. कौन्सिलची योजना आहे, नाव नोंदवलं की व्हेप, म्हणजे विजेवरची सिगारेट, देतात. ईशानी तिथली मुलगी, लेस्टरची गुजराती. ती तिच्या इंग्रजीत बोलत होती, मी माझ्या. मला आंटी म्हणत होती आणि मधूनच माझ्या टिकलीकडे, कोटाखालून दिसणाऱ्या साडीच्या काठाकडे बघून पुन्हा स्क्रीनकडे वळत होती. स्क्रीनवर चौकोन होते: तब्येत, खर्च, गरोदरपण, कुटुंब, इतर. मी म्हटलं, नातू. ती हसली, 'कुटुंब'वर खूण केली आणि पुढे गेली. दिवसाला किती, असं विचारलं. एक, म्हटलं. तिची बोटं थांबली. मग तिने मला श्वासातला धूर मोजणाऱ्या एका नळीत फुंकायला लावलं आणि आलेला आकडा बघून खांदे उडवले. म्हणाली, आंटी, एकच ओढत असाल तर तुम्ही सरळ थांबू शकता, व्हेपची तुम्हाला गरजच नाही. शरीराला काही कळणारसुद्धा नाही. मी म्हटलं, थांबता येणार नाही. माझा आवाज मुळात लहान, त्या खोलीत तो आणखीच लहान झाला असावा, कारण तिने मला पुन्हा विचारलं आणि मी पुन्हा तेच सांगितलं. का, ते तिने विचारलं नाही. तिच्या फॉर्ममध्ये तसा चौकोन नव्हता.

त्याआधी तीन आठवडे मी क्रॉयडनला तनयाच्या दारात उभी होते. तनया माझी एकुलती मुलगी. तिचा मुलगा सहा आठवडे आधी जन्मला, वीस दिवस काचेच्या पेटीत होता, नाकाला नळी लावून. त्याला घरी आणल्यावर मी पहिल्यांदाच जात होते. वेम्बलीहून तिकडे थेट जाणारी गाडी तासाला एक, पुढे ट्राम. सगळा वेळ पिशवी मांडीवर धरून बसले होते. पिशवीत मी विणलेली शाल, मेथीचे लाडू आणि देवापुढचा अंगारा. जावई अर्जुन नागपूरचा, इथे नोकरीला आला आणि इथलाच झाला. त्याने पिशवी घेतली, वाकून नमस्कार केला. तनया बाळाला खांद्यावर घेऊन जिना उतरली. मी हात धुतले, पुसले, पुढे केले. त्याला माझ्या हातात द्यायला ती थोडी वाकली आणि तशीच थांबली. नाक माझ्या खांद्याजवळ आणून म्हणाली, "आई, तुला बाबाची वास येते." तिचं मराठी असंच आहे, इथल्या शाळांनी केलेलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, चांगलं पाणी. मी तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण ती मूळची हुशार, बापासारखी. पाण्यातूनसुद्धा तिचा विचार चालू असतो. बघता बघता तिचा चेहरा बदलला. "बाबा गेला त्याला चौदा मंथ्स झाले, आई. इतका दिवस नाही राहत वास." मग तिने थेट विचारलं, "आई, तू स्मोक करतेस?" हो, मी म्हटलं, रोज एक. आधी ती हसली. "तू? तू एकादशीला चॉकलेट पण खात नाहीस." अर्जुन किटली हातात धरून उभा होता, त्यालाही हसावं की नाही ते कळेना. मग तिने बाळाला पुन्हा खांद्यावर चढवलं, दुसऱ्या खांद्यावर, माझ्यापासून लांबच्या. नर्सने तिला सांगितलं होतं, याची फुप्फुसं अजून कच्ची आहेत. धूर कपड्यांत राहतो, केसांत राहतो, श्वासात राहतो. "त्याला नको घेऊ. सॉरी. प्लीज नको घेऊ." माझे धुतलेले हात पुढेच राहिले होते. ते परत कसे घ्यायचे, हे काही वेळ मला सुचलं नाही.

आमचं घर अल्पर्टनच्या बाजूला, रांगेतलं, मागे लांबट बाग. मागच्या खोलीला सरकतं काचेचं दार आहे आणि बाहेर एक पायरी. त्या खोलीत मी देवघर मांडलं तेव्हा तनया चार वर्षांची होती. त्याच दिवशी मी कमलाकरांना, म्हणजे यांना सांगितलं की आता सिगारेट बाहेर, दाराच्या बाहेर, अगदी उंबऱ्यातसुद्धा नाही. हे डॉक्टर, भूल देणारे. दिवसभर लोकांचा श्वास सांभाळायचा आणि घरी येऊन स्वतःचा जाळायचा, असं मी म्हणायचे. ते म्हणायचे, तुझ्या देवाला उदबत्तीने खोकला येत नाही, माझ्यानेच बरा येतो. पण बाहेर गेले. एकतीस वर्षं बाहेरच ओढली, पावसात छत्री धरून, बर्फात टोपी घालून. मी त्यांच्या छातीसाठी तो नियम केला असता तर आज निदान तसं म्हणता आलं असतं. मी तो देवासाठी केला होता. पुडीतली तंबाखू कागदात घेऊन हे स्वतः सिगारेट वळत. डंडीच्या हॉस्पिटलात असताना ऑपरेशन थिएटरमधल्या एका म्हाताऱ्या हमालाने त्यांना ते शिकवलं होतं. जेवणं झाली की टेबलाच्या एका टोकाला ते सिगारेटी वळत बसायचे आणि दुसऱ्या टोकाला मी वाती. माझा लक्षवातींचा नेम होता. कापूस आणि तंबाखू, दोन्ही बोटांच्या त्याच पेरांनी वळतात, फार दाबायचं नाही, फार सैल सोडायचं नाही. कधी कधी आमची लय एक व्हायची आणि ते माझ्याकडे न बघता हसायचे. लग्नाची सदतीस वर्षं चाळून पाहिली तर आम्ही दोघं एकाच कामात बसलो आहोत असं मला तेवढंच दिसतं.

सकाळी दहाला माझा पाठ. अंघोळ, पूजा, मग पोथी. एकदा बसलं की शेवटचा शब्द होईपर्यंत बोलायचं नाही, आसन सोडायचं नाही. आईकडून आलेला नेम. तिने मला सांगितलं होतं, घराला आग लागली तरी ओवी पुरी करून ऊठ, आग थांबते. माझी कधी लागली नाही, म्हणून मी तपासून पाहिलं नाही. निवृत्त झाल्यावर यांची दुसरी सिगारेट नेमकी त्याच वेळेला पडायची. मी आत पूर्वेकडे तोंड करून, ते बाहेर पायरीवर, मध्ये काच. आणि त्यांना दम धरवायचा नाही. बागेत कोल्हा आला की काचेवर टकटक. रॉबिन आला की टकटक. शेजारच्या बाईने नवा पडदा लावला तरी टकटक. मी पोथीवरून डोळे न काढता डावा हात वर करायचे, पंजा त्यांच्याकडे. थांबा. त्याला ते माझा आशीर्वाद म्हणत. आल्यागेल्याला सांगत, आमच्याकडे देवी जागृत आहे, काचेवर वाजवलं की हात वर होतो. सगळे हसत, मीही हसत असे.

मागच्या वर्षी फेब्रुवारीत, एका गुरुवारी, दोनदा टकटक झाली. मग थोडं थांबून आणखी एकदा, हळू. मी हात वर केला. मी वर पाहिलं नाही. एवढंच आहे ते, चार शब्दांत मावतं. त्यानंतर मी पाठ पुरा केला, आरती केली, नैवेद्य दाखवला. पळीत तीर्थ घेऊन दार सरकवलं, कारण ते मी त्यांना रोज तिथेच देत असे. दार सरकलं तसा त्यांचा खांदा आत आला, मग डोकं. ते काचेला टेकून बसले होते. बोटांमध्ये सिगारेट, अर्धी जळून विझलेली. सिगारेट हातात असताना ते त्या खोलीत पहिल्यांदाच आले. अँब्युलन्सबरोबर आलेल्या बाईने नंतर माझा हात धरून सांगितलं की हार्ट इतकं अचानक थांबलं असेल की तुम्ही समोर उभ्या असतात तरी काही करता आलं नसतं. तिला मी टकटकीचं सांगितलं नव्हतं. कोणालाच सांगितलं नाही. तनयाला फोनवर म्हटलं, क्षणात गेले, त्यांना कळलंसुद्धा नाही. पुढे तेच सगळ्यांना सांगत गेले, पुण्याला, नाशिकला, मंदिरातल्या बायकांना, आणि सगळ्या म्हणाल्या, पुण्यवान, कोणाला असं मरण येतं. खोटं बोलायचं नाही हासुद्धा माझा एक नेम आहे.

तेराव्यानंतर माणसं पांगली. यांचा राखाडी स्वेटर दारामागच्या खुंटीला होता, खिशात पुडी. तंबाखू वाळत चालली होती. वाया जाईल म्हणून मी टेबलाशी बसले आणि आहे तेवढी वळून ठेवली. कोणी शिकवलं नव्हतं. पेरांना येतच होतं. दुसऱ्या दिवशी पाठ झाल्यावर मी पायरीवर जाऊन बसले. आधी तशीच बसले, रिकामी. पण रिकाम्या हातांनी बसलं की ते वाट बघणं होतं, आणि कोणाची वाट बघायची? शेजारची बाई कुंपणावरून विचारायला लागली, आर यू ऑल राइट, लव? तेव्हा मी आत जाऊन एक सिगारेट आणली, पेटवली आणि नुसती हातात धरली, उदबत्ती धरावी तशी. यांचा वास आला. अगदी यांचा, शर्टातला, उशीतला. पण हाताने वळलेली सिगारेट ओढली नाही तर विझते. मी दोनदा काडी ओढली, दोनदा विझली. मला ती विझू द्यायची नव्हती. म्हणून ओढली. खोकला आला, डोळ्यांतून पाणी आलं, तोंड कडू झालं, आणि ती सबंध जळेपर्यंत मी त्यांच्याजवळ बसून राहिले. आठ मिनिटं असतील. तेवढंच तर त्यांनी मागितलं होतं. मग अंघोळ केली, तोंड धुतलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. तिसऱ्या दिवशी जाताना मला कळलं की हा नेम झाला. आता मोडता येणार नाही. पुडी संपली तेव्हा कोपऱ्यावरच्या दुकानदाराने मागच्या कपाटाचं शटर सरकवून यांचीच पुडी न विचारता पुढे ठेवली. बहुतेक त्याला वाटलं, हे आजारी आहेत, म्हणून बायको आली.

तनयाने पंधरा दिवस फोन केला नाही. फोटो पाठवायची, शब्द नाहीत. मग एके दिवशी निरोप आला: नर्सशी बोलले, सोडणं बेस्ट, पण नाहीच जमलं तर व्हेप कर, त्याचा धूर तसा चिकटत नाही, ये तेव्हा कपडे बदल, हात धू, त्याच्यासमोर नको. खाली बाळाचा फोटो. तो झोपलेला होता आणि त्याची हनुवटी यांची होती. दोन माणसांत मला निवड करायची होती, असं कोणी म्हटलं नव्हतं. पण पायरीवर बसून मी तेच करत होते. एकाला माझी सोबत हवी होती तेव्हा मी पोथीकडे पाहत होते. आता दुसरा हाताएवढा, शिट्टी वाजल्यासारखा श्वास घेणारा, आणि त्याच्याकडे जायचं तर पहिल्याचा वास अंगावरून उतरवायचा. देवाला कौल लावावा म्हटलं तर लावता येईना. त्या एका बाबतीत देवाशी बोलणं माझं बंद होतं. पाठ रोज करत होते, एकही दिवस चुकला नाही. पण पोथी वाचताना कान काचेकडे.

ईशानीने मला वास निवडायला सांगितलं होतं. आंबा, पुदिना, स्ट्रॉबेरी. तंबाखूचाही होता. मी तो मागितला. घरी येऊन पायरीवर बसले. वस्तू स्केचपेनएवढी, ओढली की टोकाला निळा दिवा लागतो. पेटवायची नाही, विझायची नाही. वळायची नाही, त्यामुळे सकाळी बोटांना काम नाही. आणि त्या तंबाखूला वास होता करपलेल्या पाकाचा, दिवाळीत चिरोट्याचा पाक पुढे गेल्यावर येतो तसा. मी डोळे मिटून शोधत राहिले. हे कुठेच नव्हते. तरी बसले, कारण बसायचं ठरलं होतं. पण सिगारेट संपते. संपली की उठायचं, झालं आजचं. याला संपणं नाही. मी ओढत राहिले आणि उठावं कधी ते मला कळेना. शेजारणीने कपडे वाळत घातले, आत गेली, ऊन कुंपणावरून खाली उतरलं, तरी मी तिथेच. आठ मिनिटांची सोबत मी इतके दिवस केली होती ती किती मापात बसणारी होती, हे तेव्हा समजलं. खरं माणसाजवळ बसणं असं बिनमापाचं असेल. ते मी कधी केलंच नव्हतं.

त्या आठवड्यात मी घर धुतलं. पडदे, उशांचे अभ्रे, सगळ्या शाली. शेवटी खुंटीवरचा स्वेटर. तो मी मशीनमध्ये घातला, दार लावलं, पुन्हा उघडून बाहेर काढला, तोंडाशी धरला. कॉलरपाशी अजून होते ते, थोडेसे. किती वेळ धरला माहीत नाही. मग घातला आणि बटण दाबलं. काचेतून तो फिरताना दिसत होता, एक बाही वर यायची, खाली जायची. मी बघत उभी राहिले. या वेळी बघितलं.

रविवारी क्रॉयडनला गेले. धुतलेली साडी प्लास्टिकमध्ये बांधून नेली होती. तनयाच्या बाथरूममध्ये ती नेसले, कोपरापर्यंत हात धुतले. बाहेर आले तर ती उभीच होती. तिने माझ्या मानेपाशी नाक आणलं आणि म्हणाली, फक्त साबण. तिचा आवाज जरा पडला, का ते तिलाही कळलं नसावं. मग सोफ्यावर मला मांडी घालून बसवलं, कोपराखाली उशी दिली आणि त्याला माझ्या मांडीवर ठेवलं. नुकताच दूध पिऊन तृप्त होता. मळून मुरायला ठेवलेल्या कणकेसारखा जड आणि ऊन. त्याची छाती वर जायची तेव्हा माझी बोटं वर जायची. डोळे उघडून त्याने माझ्या टिकलीकडे पाहिलं, खूप वेळ, अगदी गंभीरपणे. मी त्याच्याशी बोलले, काय ते आठवत नाही, तनया लहान असताना जे बोलायचे तेच काहीतरी. अर्जुन वर कपडे वाळवत होता. तनया माझ्या शेजारी पाय पोटाशी घेऊन बसली, डोकं माझ्या खांद्यावर टेकलं. किती वर्षांनी. आणि फार मऊपणे म्हणाली, "आई, मी रागवत नाही. पण का स्टार्ट केलीस? बाबाला मिस करत होतीस, ना?"

उत्तर तिने तयार करून माझ्या हातात दिलं होतं. नुसतं हो म्हणायचं होतं, आणि ते खोटंही झालं नसतं. पण मांडीवर तो होता, नवा, ज्याच्याशी अजून कोणीही खोटं बोललं नव्हतं असा.

"त्यांनी मला बोलावलं होतं," मी म्हटलं. "काचेवर वाजवलं. तीनदा. मी पाठाला बसले होते."

तिचं डोकं खांद्यावरच राहिलं, पण त्याचं वजन गेलं.

"मग?"

"मी हात वर केला."

तो हात तिने लहानपणी कितीदा पाहिला असेल. शाळेत बक्षीस मिळालं तेव्हा, गुडघा फुटला तेव्हा, मैत्रिणीशी भांडण झालं तेव्हा, मागच्या खोलीच्या दारात उभी राहून. ती सरळ बसली. स्वतःचा डावा हात तिने थोडा वर उचलला, पंजा समोर, आणि त्याच्याकडे बघत राहिली, जणू तो कोणीतरी तिथे ठेवून गेलं होतं.

"किती वेळ होता तो तिथे?"

"वीस मिनिटं. आरती धरून पंचवीस."

"तू म्हणालीस, क्षणात गेला. तू मला म्हणालीस, त्याला कळलं पण नाही."

"हो."

मला वाटलं होतं ती ओरडेल. ओरडायला तिचा बाप तिला शिकवू शकला नाही, मीही नाही. ती उठली, वाकली, एक हात त्याच्या मानेखाली आणि एक कमरेखाली घालून त्याला उचलून घेतलं. इतक्या सावकाश की तो दचकलाही नाही. "फीडची वेळ झाली," ती म्हणाली. फीड होऊन पंधरा मिनिटं झाली होती. ते तिला माहीत होतं, मला माहीत होतं. ती जिना चढून गेली आणि दार लावल्याचा आवाज आला, आपटल्याचा नव्हे, नीट लावल्याचा.

मी बसून राहिले. मांडीवर जिथे तो होता तिथे साडी अजून ऊन होती, मग कडेकडेने गार होत आत आली. थोड्या वेळाने अर्जुन खाली आला, हातात वाळलेल्या कपड्यांची टोपली. त्याने माझ्या रिकाम्या मांडीकडे पाहिलं आणि विचारलं, "झोपला का, आई?"

"हो," मी म्हटलं.

वर तो रडत होता. बारीक, धाप लागल्यासारखं. आम्हा दोघांनाही ऐकू येत होतं. अर्जुनने एकदा जिन्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग टोपली मध्ये ठेवून माझ्या शेजारी बसला आणि एकेक झबलं काढून घडी घालू लागला. त्याला ते नीट येत नव्हतं. काही वेळाने मीही एक उचललं.